एक फूट मागे

डॉक्टर लोबो म्हणाल्या, रडवायचं नाही.
पाळण्याची दोरी सोडून ठेवा,
शेजारी खुर्ची घ्या, बसून राहा,
आणि दर तीन रात्रींनी
खुर्ची सरकवा एक फूट मागे, दाराकडे.

त्यांना कुठे ठाऊक
कन्नमवार नगरातली आमची खोली.
कपाट, शिलाई मशीन, दाराशी पाण्याचा पिंप.
मागे म्हणजे किती मागे जाणार, डॉक्टर?

तरी अनंतने टेप लावून मोजलं.
पाळण्यापासून उंबऱ्यापर्यंत साडेसहा फूट.
"म्हणजे वीस रात्री," म्हणाला,
हप्ते फेडायचे असल्यासारखा,
आणि डबा घेऊन रात्रपाळीला गेला.

खुर्ची लाल, प्लास्टिकची.
सोसायटीच्या पूजेनंतर परत करायची राहिलेली.
पाठीवर पांढऱ्या रंगात: इमारत ८७.

दहा महिने ओजू माझ्या खांद्यावर झोपली.
मोरी ते खिडकी अकरा पावलं,
खिडकी ते मोरी अकरा.
साडेबारा, दोन, सव्वातीन.
त्या हिशेबाने मी आतापर्यंत
ठाण्याला जाऊन परत आले असते
कितीदा तरी.

पहिल्या रात्री हात तिच्या पोटावर.
चौथ्या रात्री फक्त बोटं, कठड्यातून.
सातव्या रात्री बोटंही नाहीत,
नुसतं एक वाक्य, ठरवलेलं, तेवढंच:
मी आहे गं इथे.
ती रडते. मी आहे गं इथे.
ती उभी राहते, कठडा हलवते,
माझ्याकडे बघते
रेशनच्या दुकानदाराकडे बघावं तशी.
मी आहे गं इथे.
पदर ओला होतो, दूध ऐकतं तिचं.

आत्याचा फोन: झोप काय पाढे आहेत,
शिकवायला?

आणि भिंतीपलीकडे महजबीन.
सीएची परीक्षा, तिसरी खेप.
ओजूने सूर लावला की
मी भिंतीकडे पाठ करून बसायचे,
भिंतीला तोंड दाखवायची लाज वाटावी तशी.

अकराव्या दिवशी गॅलरीत कपडे वाळत घालताना
मीच म्हटलं, सॉरी गं, तुझा अभ्यास.
ती आत गेली, पुस्तक घेऊन आली.
करांच्या कलमांशेजारी, समासात,
पेन्सिलीने बारीक आकडे:
बावीस. एकोणीस. सव्वीस. अकरा. सात.
"मिनिटं आहेत भाभी.
मी जागीच असते ना. मोजते.
सव्वीसच्या रात्री मीही रडले थोडी,
पण ते यात धरलेलं नाही."

मग दात आला.
खालचा, डावीकडचा, तांदळाएवढा.
खुर्ची पुन्हा पाळण्याला चिकटली,
मीही चिकटले, खांद्यासकट.
तीन रात्री मोरी ते खिडकी.
अनंतने टेप काढला नाही. काही म्हणालाही नाही.

आता खुर्ची उंबऱ्यावर.
पुढचे दोन पाय घरात,
मागचे दोन गॅलरीत.
खाली वॉचमनची काठी,
खाडीकडून येणारा चिखलाचा वास.
सव्वातीन.
पाळण्यात खुसखुस.
मी वाक्य जिभेवर आणून थांबले.

ती मुठीशी बोलत होती.
ब, ब, ब, आणि काहीतरी लांबलचक,
तक्रार असावी, बहुधा माझीच.
मग एक उसासा, म्हाताऱ्या माणसाचा.
मग पंखा. नुसता पंखा.

वाक्य तसंच राहिलं जिभेवर,
गोळी विरघळायला ठेवावी तसं.
भिंतीवर पलीकडून
बोटाच्या पेराने एकदाच: टक.
शून्य.

पुढचं मला माहीत नाही.
साडेचारला नळ फुरफुरला असणार, रोजचा.
पाण्याची हाक मी आयुष्यात कधी चुकवली नव्हती.
जाग आली ती तळव्यांना गार लागलं म्हणून:
पिंप भरून वाहतोय,
पाणी फरशीवरून उंबऱ्यापर्यंत आलेलं,
खुर्चीचे पुढचे दोन पाय ओले.
समोर गॅलरीत अनंत,
बूट हातात,
ओठांवर बोट.