दोन टोकनं

काल्बुकोच्या कारखान्यात पट्ट्यावर आम्ही चाळीस जणी
आणि टोकनं दोन.
पिवळी, प्लास्टिकची, दोरीत ओवलेली.
जिच्या गळ्यात टोकन तिनं संडासला जायचं,
सहा मिनिटांत परतायचं.
बाकीच्यांनी सॅमनचे काटे उपटत राहायचं
चिमट्यानं,
एका तुकड्यात तीस, कधी बत्तीस.

नोल्बेर्तो ओयार्सून ओरडत नाही.
हे आधीच सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं
जाच म्हणजे आरडाओरडा.
तो वाढदिवस लक्षात ठेवतो, केक आणतो,
सुरी एदेल्मिराच्या हातात देत हळूच विचारतो,
"मंगळवारी अकरा मिनिटं लागली. तब्येत बरी ना?"
तेव्हा आम्ही सगळ्या केककडे बघतो.

पाणी प्यायचं आम्ही आपण होऊन सोडलं.
तसा नियम नव्हता.
भिंतीवर उलट लिहिलंय : आरोग्य सांभाळा.

आमच्यातलं कुणीतरी त्याला सगळं सांगतं, म्हणतात.
मीही म्हणायचे,
इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून.
मग एका शुक्रवारी, हातमोजे धुता धुता,
मीच बोलून गेले :
ओतिलियाचा पोरगा आजारी नव्हता हो,
ती बहिणीकडे गेली होती, बटाटे काढायला.
त्यानं विचारलंही नव्हतं.
नुसती मान हलवली, नळ बंद केला,
म्हणाला, "पाणी वाया जातं."

सोमवारी ओतिलियाच्या कपाटाला दुसऱ्याच बाईचं कुलूप.

ती आता धक्क्यावर तळलेल्या पुऱ्या विकते,
भोपळ्याच्या, गरम गरम.
चार महिने मी लांबच्या रस्त्यानं घरी गेले.
काल वारा असा सुटला की
तिच्याच छपराखाली शिरावं लागलं.
तिला ठाऊक आहे की नाही, कळेना.
तिनं चहा ओतला. म्हणाली, "पी."
मी प्यायले. तिनं परत ओतला.
तिसऱ्या पेल्यानंतर
माझा हात वर गेला,
शाळकरी पोरीसारखा, एक बोट उभं.

ती हसली नाही.
कढईतली पुरी उलटली,
तेल निथळू दिलं.
"कुणाला विचारतेस?" म्हणाली.

धक्क्यावर एक कुत्रं होतं आणि बांधलेल्या दोन होड्या.
हात खाली घ्यायला
मला बराच वेळ लागला.