आवाज दोनवर

बाबा कायम रात्रपाळीला, म्हणजे
आमच्या घरात दिवसा रात्र असायची.
लानेल्लीत तेव्हा निम्म्या गल्ल्यांचं हेच,
पत्र्याचा कारखाना झोपू द्यायचा नाही
आणि घरं जागू द्यायची नाहीत.
जिन्याची चौथी पायरी वाजते म्हणून
आम्ही तिसरीवरून थेट पाचवीवर जायचो,
आईसुद्धा, हातात धुण्याची टोपली घेऊन.

अशा घरात मी सॉल्ट इंजिनची रेकॉर्ड आणली.
तेरा वर्षांची होते,
सहा शनिवार मिस प्रॉसरची खुराडी झाडली होती.
कव्हरवर चार केसाळ माणसं, गुडघाभर समुद्रात,
आणि मागे बारीक अक्षरांत:
ही रेकॉर्ड मोठ्या आवाजात ऐकावी.

मोठ्या आवाजात!
आईनं बटणाच्या दोन आकड्यावर
लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.
म्हणाली, नेरिस, याच्या पुढे गेलीस
तर वरती मी जाणार नाही, खाली ते येतील.

मग मी गालिच्यावर आडवी,
डावा कान स्पीकरच्या कापडाला चिकटवून.
कापडाला बटाट्याच्या पोत्याचा वास यायचा.
ड्रम म्हणजे भिंतीपलीकडे कुणी पावाचं पीठ आपटतंय.
आणि तो गायक, ज्याच्यापुढे म्हणे
बंदराचा भोंगा लाजायचा,
माझ्या कानात चहाडी सांगितल्यासारखा किंचाळायचा.
बेस ऐकू यायचाच नाही.
तो गालाच्या हाडाला कळायचा.
वर्गातल्या सगळ्या गायकावर मरत होत्या,
मी एकटी बेसवाल्यावर.

तिसऱ्या गाण्यावर ओरखडा आहे,
माझ्या भावाचं, एमिरचं कोपर.
तिथे सुई उडते आणि एक शब्द गिळते.
चाळीस वर्षं मी त्या जागी काय काय घालून पाहिलं.
आता फोनवर ते गाणं स्वच्छ मिळतं,
शब्दही मिळाला,
साधाच निघाला.
मी तो परत गिळला.

सोळाव्या वर्षी स्वान्सीला त्यांना प्रत्यक्ष पाहिलं.
पहिला घाव पडला आणि मला रडूच फुटलं.
हे माझं गाणं नव्हतं,
हे कुणीतरी पत्र्याचा डोंगर ढकलून दिला होता.
घाबरून दोन्ही कानांत बोटं घातली
आणि आत, अगदी तळाशी,
ते चौघे आले.
तसेच. कुजबुजत. पोत्याच्या वासासकट.
उरलेला सगळा कार्यक्रम मी तसाच ऐकला.
परतीच्या बसमध्ये डेलिथ बोललीच नाही माझ्याशी,
तिकिटाची माती केलीस म्हणाली फक्त.

पुढे बँड फुटला,
गायक आणि गिटारवाला कोर्टात गेले,
बेसवाला होड्या दुरुस्त करतो असं कुठेसं वाचलं
आणि उगाच बरं वाटलं.
कारखानाही बंद पडला.
बाबा दिवसा जागे राहायला शिकले,
पण कान कारखान्यानं ठेवून घेतले होते.
घरात आता सगळे ओरडून बोलायचे,
चौथी पायरी खुशाल वाजायची.

एका रविवारी ते म्हणाले,
लाव गं ते तुझं.
माझं काय?
तेच, दुपारचं.
पलंगाच्या पायातून वर यायचं.
बोटीच्या पोटात झोपल्यासारखं वाटायचं,
थांबलं की जाग यायची.

मला काही बोलता आलं नाही.
ट्रंकेतून रेकॉर्ड काढली, पुसली.
बटण दोनवरून, त्या विटक्या ठिपक्यावरून,
पुढे, चार, सात,
घाबरतच दहावर नेलं.
खिडकीच्या काचा थरथरल्या,
शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.
बाबा खुर्ची ओढून बसले
आणि कापडावर उघडा तळवा ठेवला,
एखाद्याचा ताप बघावा तसा.
मी शेजारी, कानांत बोटं घालून.

तिसऱ्या गाण्यात सुई उडाली.
त्याच्या क्षणभर आधीच
त्यांनी हात उचलला होता.