पंचवीस ग्रॅम

गूल गावात पाण्याचे दोन मनोरे आहेत, एक जाड, एक बारका.
इथले लोक त्यांना म्हणतात मीठदाणी नि मिरीदाणी.
मी त्यांच्या पायथ्यावरून रात्रपाळीला जाते
आणि सकाळपर्यंत खऱ्याच मिरीशी बोलते.

पोत्यातून ओतली की ती किती निष्पाप दिसते,
सुरकुतलेली, काळी, वयस्कर.
कुठल्यातरी खळ्यावर वाळली असेल,
तिच्यावरून कोंबड्या गेल्या असतील, एखादी पाल,
अनवाणी एखादं पोर, चेंडूच्या मागे.
ऊन सगळं बघतं. सगळं मारत नाही.
वाळलेलं म्हणजे मेलेलं नव्हे,
हे ग्लेनिसनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं:
"झोपलेत गं ते. पाण्याची वाट बघत."

डेसमंड झाकण लावतो.
आधी आतली हवा ओढून घ्यायची, शेवटच्या घोटापर्यंत,
कारण हवा मध्ये राहिली
तर ती वाफेला उंबऱ्यावरच अडवते, जुन्या नणंदेसारखी.
मग वाफ.
सुरकुतीसुरकुतीत शिरणारी, नेमकी,
अठ्ठेचाळीस सेकंद.
तेवढ्यात चहातली साखरही नीट विरघळत नाही.
मग पुन्हा पोकळी; अंगावरचं पाणी आपसूक उडतं
आणि मिरी बाहेर येते ती कोरडी,
काही घडलंच नाही अशा चेहऱ्याची.
औषध नाही, धुरी नाही, विषारी वायू नाही.
फक्त पाणी,
रागावलेलं.

डेसमंडला वाटतं, झालं काम.
पण इथे पी हळद नि हो गोरी चालत नाही.
मी पंचवीस ग्रॅम तोलते, त्यात पातळ रस घालते,
सदतीस अंशांच्या उबेला ठेवते.
जो कोणी वाचला असेल त्याला आधी खाऊपिऊ घालायचं,
अंगात जीव येऊ द्यायचा,
आणि मगच विचारायचं: आहेस का रे?
मारण्याच्या या धंद्यात
माझ्याकडे पाहुणचाराचं खातं आहे.

नोव्हेंबरात कराडहून वहिनीचं पार्सल आलं.
कांदालसूण मसाला, दीड किलो,
तीन पिशव्या, वर चिकटपट्टीचे सात वेढे.
मी नको ते केलं.
चमचाभर मसाला कोटाच्या खिशातून प्रयोगशाळेत नेला.
दोन दिवसांनी बशीचं झाकण काढावंच लागलं नाही.
शेवग्याच्या शेंगेवर मावा पडावा तशी दाटी.
अशा वेळी वहीत लिहायला आमच्याकडे एकच शब्द असतो:
मोजण्यापलीकडे.

तसे ते बहुतेक मातीतलेच, गरीब बिचारे.
पंचवीस ग्रॅमची ती दुसरी चाचणी मी केलीच नाही.

ग्लेनिसनं पाहिलं. ओरडली नाही.
"मग दे की वाफ," म्हणाली,
आणि लगेच तिलाच आठवलं:
दळलेल्याला ती देता येत नाही.
तेलात परतलेलं, कुटलेलं,
वाफ लागली की त्याचा नुसता गोळा होतो.
जे करायचं ते अख्खं असताना करायचं.

दादा गेल्यावर विहिरीकडच्या तुकड्याचं बोलणं निघालं होतं.
तेव्हा ते अख्खं होतं.
आम्ही ते सहा वर्षं दळून ठेवलंय,
तिच्या बरणीत थोडं, माझ्या बरणीत थोडं,
झाकणं घट्ट.
आणि तरी ती दर नोव्हेंबरात मिरच्या भाजते,
शेजारणींना खोकला लावते,
टपालाचे पैसे भरते.

रविवारी मी रस्सा केला.
खळखळून उकळला, अर्धा तास, गरजेपेक्षा जास्त.
खिडकी उघडली तर वास मीठदाणीपर्यंत गेला असावा.
झोंबला. चांगलाच झोंबला.

फोन केला.
"उतरला का गं नीट? बुरशी नाही ना धरली?"
"नाही," म्हटलं. "वहिनी, त्या विहिरीकडच्या..."
"थांब," ती म्हणाली, "ऐकू येईना,"
आणि पलीकडे मिक्सर सुरूच होता.
मी थांबले.