रात्रपाळी

डेटनहून निघताना आईनं पर्समध्ये
पेपरमिंटच्या गोळ्या भरल्या, दोन पाकिटं.
तुझ्यासाठी नाहीत, म्हणाली,
मी हात पुढे करायच्या आत.

सिनसिनाटीला नदी लागली. पूल संपला
आणि ती सीटवर ताठ झाली,
कुणी हजेरीला नाव पुकारावं तशी.
मग पाट्या सुरू झाल्या. मी वाचलं, व्हर्साय.
व्हर्सेल्स, ती म्हणाली. इथे व्हर्सेल्सच म्हणतात.
फ्रान्सचं फ्रान्सपाशी.

शहात्तर वर्षांची बाई. दोन्ही गुडघे नवे.
माझ्या लहानपणी ती कारखान्यात ब्रेकचे भाग मोजायची
आणि घरी येऊन बोलायची तेही मोजूनच.
घोड्यांचं मला ठाऊक होतं ते एवढंच:
कपाटाच्या वरच्या खणात एक सुती दोर,
त्याला हात लावायचा नाही.

लेक्सिंग्टनच्या पुढे रस्ता बारीक होत गेला.
काळी कुंपणं, चार-चार आडव्या फळ्यांची,
मध्येच चुनखडीच्या भिंती,
दगडावर दगड, बाकी काही नाही,
आणि ते गवत, ज्याला सगळं जग निळं म्हणतं.
हिरवंच तर आहे, मी म्हटलं.
पहाटे बघायचं असतं ते, ती म्हणाली,
रात्रभर जागून.

फाटकाशी एमेट, काठी टेकून.
ती इथे होती तेव्हा हा लीद उपसणारा पोरगा.
मी कोण, हे त्यानं विचारलं नाही.
तिलाच म्हणाला, ओलेटा, अजूनही झोपत नाहीस ना रात्रीची?
आणि ती हसली.
मला वाटायचं, तिची झोप उडाली
ती वडील गेल्यापासून.

नऊ वसंत, एमेट सांगत होता.
घोड्या रात्रीच वितात, माणसं झोपल्यावर,
लाजऱ्या असतात. पण ही जवळ बसलेली चालायची.
शेवटच्या वर्षी तू होतीस पोटात.
तिला वाकता येईना. तरी यायची.

तोवर ती पोचलीही होती,
नव्या गुडघ्यांनी, जुन्या तबेल्यात.
आत एक तांबडी घोडी, बटन नावाची, दिवस भरलेली,
पोट इतकं खाली की बघवेना.
आईनं तिच्या मानेला कपाळ टेकवलं
आणि घशातून, अगदी तळातून,
हो... हो... हो गं... हो...

हा आवाज मी ऐकला होता.

डेलच्या वेळी. बावीस वर्षं झाली.
पहाटेचे चार, मी पलंगाची दांडी धरून,
आणि ही उशाशी उभी राहून हेच, हेच,
हो... हो...
मी ओरडले होते, मी घोडी नाही!
नर्स हसली. आई व्हरांड्यात जाऊन बसली.
दर थँक्सगिव्हिंगला मी हा किस्सा सांगते.
सगळे खो खो हसतात,
ती बटाट्यांचं भांडं पुढे सरकवते.

वरातीमागून घोडं, म्हणतात ना.
माझं घोडं बावीस वर्षं मागे,
आणि हातात लगामही नाही.

मॉटेलचे पैसे भरलेले होते. ती म्हणाली, तू जा.
मी बादली पालथी घातली आणि बसले.
दिवा मंद. ओल्या पेंढ्याचा वास.
घोडी उभी राहिली, फिरली, पुन्हा उभी राहिली.
एमेटनं एकदा कॉफी आणून ठेवली.
मला तिला काहीतरी सांगायचं होतं,
वाक्यही जुळवलं होतं,
पण तिचे कान घोडीकडे होते.

घोडी त्या रात्री व्यालीच नाही.

तीनच्या सुमाराला कागद चुरचुरला.
आईनं अंधारातून हात पुढे केला,
तळवा सपाट, बोटं मिटलेली,
घोड्याला देतात तसा.
घे, म्हणाली. तिला आज नको आहे.