चोवीस किलो

सेल्बीमामाच्या दुकानात मी तेव्हा नवा होतो.
मे महिना संपत आलेला,
उपसागरात एक हिमनग अजून रुतून बसलेला,
आणि गावाला घाई कॅम्पर ओढत
खडीच्या जुन्या खाणीत जायची.
न्यूफाउंडलँडमध्ये आमचं असंच.
तिन्ही बाजूंनी समुद्र, तरी सुट्टी घालवायची ती खाणीत.
वारा कमी लागतो म्हणतात,
आणि भाडं मागायला कुणी येत नाही.

पार्डीबाई आल्या तेव्हा मी सगळ्यात मोठा जनरेटर पुढे केला.
लाल, चाकांचा, साडेसहा हजार वॉटचा.
"एसीसुद्धा ओढेल," म्हणालो.
बाईंनी काचेतून हिमनगाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे.

पर्समधून वीजबिलाचं पाकीट काढलं.
त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं संसार मांडलेला:
फ्रिज दीडशे, पण सुरू होताना सहाशेची उसळी.
हीटरचा पंखा शंभर.
दिवे. हवामानाचा रेडिओ.
किटली पंधराशे, तिच्याखाली दोन रेघा.
टोस्टर आठशे, खोडलेला, पुन्हा लिहिलेला.
आणि तळाशी, बारीक अक्षरात,
हेडलीचं रात्रीचं श्वासाचं यंत्र, नव्वद.

"बेरजेला तीन हजार लागतील," मी म्हणालो.
"बेरीज करतोच कशाला?
किटली चालू तेव्हा टोस्टर बंद.
फ्रिज उसळला की चहा थांबेल.
एकेचाळीस वर्षं एका अरुंद स्वयंपाकघरात
दोन माणसं वावरलो रे,
आळीपाळी जमते आम्हाला."

मग मी निळा, छोटा काढला. अठराशेचा.
मागच्या अंगणात सुरू करून दाखवला.
बाई मोजून वीस पावलं गेल्या,
पाठ करून उभ्या राहिल्या, डोळे मिटून.
मला वाटलं, आवाजाचा त्रास होतो त्यांना.
"तसं नाही," परत येऊन म्हणाल्या,
"याच्या वरून मला हेडलीचा श्वास ऐकू यायला हवा.
तो लाल असता तर रात्री
काय थांबलं ते कळलंच नसतं."

मी वॉरंटीचं सांगू लागलो. त्यांनी ऐकलं नाही.
बाह्या सारल्या, वाकल्या,
निळा उचलला आणि दारापर्यंत नेला,
दारातून परत.
मनगटावर शीर टरारलेली.
"पेट्रोल भरल्यावर?"
"चोवीस किलो. जवळपास."
"कॉडची पेटी याहून जड असायची."
मग दोर ओढला. एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा घरघरला.
"हेडली म्हणतो, मी उचलीन ना,"
एवढं बोलून त्या पैसे मोजू लागल्या.

जुलैत आम्हीही खाणीत होतो.
रात्री सगळीकडे मोठमोठे जनरेटर धडधडत,
त्यात पार्डींचा तेवढा दबक्या आवाजाचा,
खिडकीपासून दूर, धुराचं तोंड झाडीकडे,
सांगितला होता तसाच.
एकच्या सुमारास तो थांबला.

दार उघडलं. टॉर्च, पेट्रोलचा कॅन.
मी खुर्चीतून अर्धा उठलो.
मग आठवलं, गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही,
पंधरा मिनिटं थांबायचं,
हेही मीच बजावलं होतं.

बाई पायरीवर बसल्या.
टॉर्च विझवला, दार मागे उघडंच ठेवलं.
इतरांच्या धडधडीत
त्यांना काही ऐकू येत होतं की नाही, देव जाणे.
मान मात्र जराशी दाराकडे वळलेली,
आणि तळहात गुडघ्यावर
सावकाश वर, सावकाश खाली.

मी खुर्चीत परत बसलो.
ती पंधरा मिनिटं मीही मोजली.

मग त्या उठल्या, पेट्रोल भरलं, दोर ओढला.
एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा खिडकी पिवळी झाली.
आतून कुणीतरी झोपेत विचारलं, कोण आहे?
"मीच," बाई म्हणाल्या,
आणि हात पुसत आत गेल्या.