नोव्हेंबरातला वस्तरा

महालातलं माझं दुकान, खुर्च्या दोन.
नोव्हेंबर लागला तसा आरशाखाली डबा ठेवला:
दाढीचे पन्नास इथं टाका, दाढी करू नका.

"काहून गा यादोराव, धंदा बुडवतं काय?"
टाकतात मात्र.
पैसे मेडिकलला जातील, प्रोस्टेटच्या तपासणीसाठी.
तो शब्द आला की सगळे कॅलेंडरकडे बघतात.

बँकेतले ढोबळे साहेब
अर्धी पांढरी, अर्धी तांबूस मिशी घेऊन येतात,
नुसते बसतात.
परवा हळूच म्हणाले,
रात्री पाचदा उठा लागते गा.

मोतीरामही इथंच बसायचा.
सगळं बोलायचा, तेवढं सोडून.
दहाव्याला घाटावर
त्याच्या पोराची मिशी मीच उतरवली.

तोच पोरगा आज डबा हलवून बघतो,
ओठावरचे खुंट चोळत विचारतो,
काका, किती वाढली?