खालची ओळ

सत्याऐंशी साली मी एक पत्रक छापलं.
इतवारीतल्या तेलवाल्याची बदनामी, पाचशे प्रती.
मजकूर गिऱ्हाइकाचा, खिळे माझे.
समन्स मला आलं.
मी म्हटलं, साहेब, मी फक्त जुळवलं.
न्यायाधीशांनी चष्मा लावून खालची ओळ वाचली:
मुद्रक, भाऊराव ढोबळे, मस्कासाथ, नागपूर.
"हे तुम्हीच ना?"
दोनशे रुपये दंड.
तेव्हापासून आधी वाचायचो, मग शाई लावायचो.

आज जिल्हा कोर्टाबाहेर, निंबाखाली,
पराते माझ्या बाजूला उभा.
गोळीबार चौकात पडद्यांचं कापड विकतो.
त्याच्या रोशनीचा चेहरा कोणीतरी
दुसऱ्याच देहावर जुळवला.
जुळवणं. आमचाच शब्द.
दोन दिवसांत एक्केचाळीस हजारांनी पाहिलं,
तिसऱ्या दिवसापासून तिचं पॉलिटेक्निक बंद.

टायपिस्ट विचारून राहिला,
"प्रतिवादी क्रमांक एक?"
अनोळखी इसम.
"दोन?"
कंपनी.
"पत्ता सांगा जी."
पराते मोबाइल चाचपतो.
गुरुग्रामची काचेची इमारत सापडते,
ती म्हणते, आम्ही फक्त जाहिराती विकतो.
मूळ कंपनी समुद्रापार,
ती म्हणते, आम्ही नुसती भिंत, लिहिणारे लिहितात.

भिंत?
महालातली कुठली भिंत रात्री उठून
कोणाला काय चघळायला आवडतं हे हुंगत फिरते,
अन् दाराच्या फटीतून आत सरकते?
माझी पाचशे पत्रकं गिऱ्हाइकानं सायकलवर नेली.
निम्म्यांत फुटाणे बांधले गेले.
वाचली असतील चाळीस-पन्नास लोकांनी.
तेवढ्याचे दोनशे.
आता मांडा त्रैराशिक.

परातेनं सतरा वेळा कळवलं होतं.
उत्तर आलं, एकही वेलांटी न चुकता:
"आम्ही तपासले. आमच्या नियमांचा भंग आढळला नाही."
मी जुन्या सवयीनं बोटानं पान सरकवत गेलो,
खालची ओळ शोधत.
एक नाच, एक पाककृती, कोणाचं तरी लग्न,
परत एक नाच.
पान संपेचना.

"तेवढी जागा कोरी सोडतो," टायपिस्ट म्हणाला,
"तुम्ही तिकीट घेऊन या."
पराते गेला.
मी अंगठा सदऱ्याला पुसला.
शाई नव्हती.